नाण्यावर नाव कुणाचं? इंग्लंडची खासगी टोकनं आणि सातारा-सांगलीच्या शिवराया

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याचा सूर शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय तांब्याचा आहे, आणि खासगी पैशाचाही. खासगी पैसा म्हणजे कुणाच्या मालकीचा पैसा असं नव्हे. सरकारने न पाडता एखाद्या खाणमालकाने, कारखानदाराने किंवा दुकानदाराने स्वतः पाडलेला, आणि तरीही बाजारात चाललेला पैसा. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या शेवटी असा पैसा लाखांनी चालत होता. आज जगभरचे संग्राहक तो गोळा करतात, आणि त्यातले काही आपल्याकडेही आहेत. तो पैसा आधी समजून घेऊ. मग साताऱ्याला येऊ, सांगलीला येऊ, कारण तांब्याचा पैसा खासगी हातांनी पाडण्याची रीत आपल्याकडेही होती. फरक एकच होता, आणि तो फरक आज घराघरातल्या डब्यांत पडलेल्या शिवरायांच्या नशिबावर परिणाम करतोय.

ड्रुइडचं डोकं

साल १७८७. वेल्सच्या उत्तर टोकाला अँगलसी नावाचं बेट आहे. तिथे पॅरिस नावाचा डोंगर. फ्रान्सच्या पॅरिसशी त्याचा काही संबंध नाही. या डोंगरात तांब्याची प्रचंड मोठी खाण होती आणि तिचा कारभार टॉमस विल्यम्स नावाच्या वकिलाच्या हातात होता. विल्यम्सकडे तांबं उदंड होतं, मजूर उदंड होते, आणि एका गोष्टीचा मात्र दुष्काळ होता. सुट्ट्या पैशांचा.

का? तर इंग्लंडच्या राजाची टांकसाळ सोन्यात रमलेली होती. तांब्याचे पैसे पाडणं तिला कमीपणाचं वाटायचं. १७७५ नंतर तिने तांब्याचं नाणं पाडणंच थांबवलं. आणि नेमक्या त्याच वर्षांत कारखाने वाढत होते, आठवड्याच्या पगारावर जगणारे मजूर वाढत होते. मजुराची रोजची कमाई शिलिंग-दीड शिलिंग. बारा पेन्सचा एक शिलिंग. म्हणजे त्याचा सगळा व्यवहार पेनी आणि अर्ध्या पेनीचा. पगाराच्या दिवशी मालकाने त्याला द्यायचं काय?

बाजारात नाणी होती, पण बहुतेक खोटी. १७८७ मध्ये टांकसाळीनेच तपासणी केली, तेव्हा चलनातल्या अर्ध्या पेन्यांपैकी शेकड्याला जेमतेम आठ खऱ्यासारख्या दिसत होत्या. बाकीचं सगळं हलकं, बनावट.

विल्यम्सने मग सरळ स्वतःचा पैसा पाडला. एका बाजूला ओकच्या पानांच्या हारात दाढीवाल्या ड्रुइडचं डोकं. ड्रुइड म्हणजे त्या बेटावरचे प्राचीन धर्मगुरू. दुसऱ्या बाजूला कंपनीच्या आद्याक्षरांची गुंफण आणि भोवती वचन : हे आणून देणाऱ्याला एक पेनी देण्याचं आम्ही वचन देतो. आणि कडेवर, जिथे आपण सहसा बघतही नाही तिथे, हे वचन कुठे पाळलं जाईल ते : लंडन, लिव्हरपूल किंवा अँगलसी, मागाल तेव्हा.

ही पेनी औंसभर वजनाची होती. औंस म्हणजे २८ ग्रॅम. तळहातावर ठेवली की जाणवेल असं वजन. आतमध्ये खरोखर तेवढं तांबं, म्हणून लोकांनी ती सरकारी नाण्यापेक्षाही विश्वासाने घेतली. विल्यम्सच्या कंपनीने सुमारे २५० टन पेन्या आणि ५० टन अर्ध्या पेन्या पाडल्या.

मग रांगच लागली. जॉन विल्किन्सन या लोखंडाच्या कारखानदाराने त्याच वर्षी टोकन काढलं आणि त्यावर, राजाच्या जागी, स्वतःचा चेहरा छापला! गावोगावचे वाणी, कापडवाले, पुस्तकविक्रेते, सगळ्यांनी आपापली टोकनं काढली. टॉमस स्पेन्स नावाच्या एका जहाल राजकीय विचारवंताने तर आपली मतंच नाण्यांवर छापून लोकांच्या हातात दिली.

आणि गंमत बघा. ही टोकनं चलनात असतानाच ती जमवणारे लोक तयार झाले. इतके, की काही कारागीर निव्वळ संग्राहकांसाठी टोकनं पाडू लागले. एका नाण्याचा पुढचा ठसा आणि दुसऱ्याचा मागचा ठसा जोडायचा आणि ‘दुर्मीळ’ म्हणून विकायचं. म्हणजे संग्राहकांना फसवण्याचा धंदा हा काही आजचा नाही. १७९८ मध्ये इप्सविच गावच्या जेम्स कॉन्डर नावाच्या कापडव्यापाऱ्याने या टोकनांची सूची पुस्तकरूपाने छापली. आजही संग्राहक यांना ‘कॉन्डर टोकन’ म्हणतात. पुढे डाल्टन आणि हॅमर यांनी १९१० ते १९१८ या काळात त्याहून मोठी सूची केली, आणि आज कुठलंही टोकन विकत घेताना तिचाच क्रमांक सांगितला जातो.

१७९७ मध्ये सरकारला जाग आली. बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टनच्या कारखान्यात राजाच्या नावाने जाडजूड पेन्या पाडल्या गेल्या. १८११ च्या सुमाराला टंचाई पुन्हा आली, टोकनं पुन्हा आली, आणि १८१७ च्या कायद्याने ती बंद झाली. गोष्ट संपली. पण पुष्कळशा टोकनांवर गाव लिहिलेलं होतं, माणसाचं नाव लिहिलेलं होतं, बऱ्याचदा सालही. म्हणून आज सव्वादोनशे वर्षांनी ती हातात आली की सांगता येतं : हे अमक्या गावच्या अमक्या दुकानदाराचं.

त्याच कारखान्यातून मुंबईला

आता या बोल्टनकडे जरा बघू, कारण तोच आपल्याला मुंबईला आणणार आहे. जेम्स वॉटच्या वाफेच्या इंजिनात त्याची भागीदारी. ती इंजिनं कॉर्नवॉलच्या तांब्याच्या खाणींतलं पाणी उपसायची. त्या खाणींतही त्याचा पैसा गुंतलेला. म्हणजे तांबं खपायला हवं, ही त्याची स्वतःची गरज. म्हणून त्याने सोहो इथे वाफेवर चालणारी टांकसाळ उभी केली. विल्किन्सनची टोकनं तिथे पाडली गेली, अँगलसीचीही काही तिथेच पाडली गेली.

आणि तिथेच ईस्ट इंडिया कंपनीने मुंबई इलाख्यासाठी तांब्याचे पैसे पाडून घेतले. त्यांच्यावर १७९१ आणि १७९४ ही सालं आहेत. एका बाजूला कंपनीचा गाठोड्यांवर मारायचा शिक्का, दुसऱ्या बाजूला तराजू आणि फारसी लिपीत ‘अदल’, म्हणजे न्याय. वाण्याचं टोकन आणि मुंबईचा पैसा एकाच छपराखाली, एकाच जातीच्या यंत्रावर तयार झाले. कडा गोल, ठसा मध्यावर, प्रत्येक नाणं दुसऱ्यासारखं.

कंपनी नुसती नाणीच आणत नव्हती. इंग्लंडच्या तांब्याची ती फार मोठी गिऱ्हाईक होती आणि ते तांबं इकडे आणून विकत होती. ते पुढे भांड्यांत गेलं, तोफांत गेलं, आणि टांकसाळींतही गेलं.

घाटावरचा पैसा

मुंबईत तराजूवाला पैसा चालत होता तेव्हा घाटावर, वाई-साताऱ्यापासून मिरज-तासगावपर्यंत, लोकांच्या कनवटीला काय होतं? शिवराई.

शिवराई सगळ्यांना माहीत आहे. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला आणि शिवाजी महाराजांच्या नावाचं नाणं सुरू झालं. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. महाराज १६८० मध्ये गेले. पण नाणं थांबलं नाही. संभाजी महाराज, राजाराम महाराज, साताऱ्याच्या गादीवर शाहू महाराज, पुढे पेशवाई. राज्यकर्ते बदलले तरी तांब्याच्या पैशावर बहुतेक वेळा ‘राजा शिव’ हे नाव येत राहिलं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘दुदांडी’ शिवराई दिसू लागते. ‘छत्र’ आणि ‘पति’ यांच्या मध्ये दोन आडव्या रेघा, म्हणून दुदांडी. पेशवाई बुडाल्यावरही खेड्यापाड्यांत शिवराई चालत होती, जवळजवळ एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत. राणीचा पैसा आणि शिवरायांचा पैसा एकाच बटव्यात.

पण ही पाडत कोण होतं? इथे मुद्दा येतो. महादेव गोविंद रानडे यांनी १८९९ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेत मराठ्यांच्या नाण्यांवर आणि टांकसाळींवर एक निबंध वाचला. पेशव्यांच्या दफ्तरातले कागद त्यांनी त्यासाठी पाहिले होते. त्या कागदांतून दिसतं की टांकसाळ चालवण्याचा परवाना खासगी माणसांना दिला जायचा. नानासाहेब पेशव्यांच्या काळात नागोठण्याच्या बाळाजी बापूजी यांना तांब्याचे पैसे पाडायची परवानगी मिळाली. तीन वर्षांचा करार. सरकारला पहिल्या वर्षी ५० रुपये, दुसऱ्या वर्षी ७५, तिसऱ्या वर्षी १००. आणि पैशाचं वजन ठरवून दिलेलं, दहा मासे. आजच्या तोळ्याच्या हिशेबाने पावणेदहा ग्रॅमच्या आसपास.

हा चक्क धंदा आहे, मंडळी. तांबं विकत घ्यायचं, पैसे पाडायचे, तांब्याची किंमत आणि पैशाची किंमत यांतला फरक आपला. सरकारला ठरलेली रक्कम भरायची. अँगलसीच्या विल्यम्सचं गणित याहून वेगळं नव्हतं.

आणि दुखणंही तेच. वजन कमी केलं की नफा वाढतो. धारवाड सुभ्यात जमीनदारांनी आणि इतरांनी टांकसाळी थाटल्या, नाणं बिघडवलं, तेव्हा थोरल्या माधवराव पेशव्यांच्या काळात तिथल्या वीस-एक टांकसाळी बंद करून धारवाडला एकच मुख्य टांकसाळ ठेवण्याचा हुकूम निघाला. रोजच्या बाजारात मात्र पहारा सराफाचा. कुठलं नाणं किती बट्ट्याने घ्यायचं ते तो ठरवणार. पोतदार, पारखी, टांकसाळे ही आपल्या ओळखीची आडनावं त्या व्यवस्थेचीच खूण आहे.

आता दोन्ही पैसे शेजारी ठेवा. इंग्लंडचं टोकन म्हणतं : मी अमक्याचं, मला अमक्या ठिकाणी घेऊन जा, तो पैसे देईल. शिवराई म्हणते : राजा शिव छत्रपति. पाडणाऱ्याचं नाव नाही, गाव नाही, बहुतेकींवर सालही नाही. चांदीत तर आणखी मजा. मराठ्यांच्या रुपयांवर दिल्लीच्या बादशहाचं नाव असायचं, कारण बाजाराला ते ओळखीचं होतं. इंग्लंडमध्ये राजाची साख तांब्यापुरती ओसरली, म्हणून दुकानदाराने स्वतःची साख पणाला लावली. आपल्याकडे पाडणारे खासगी होते, पण साख महाराजांच्या नावाची होती. ते नाव पुसून स्वतःचं घालणं कुणाच्या फायद्याचंच नव्हतं.

म्हणून इंग्रजी टोकन वाचता येतं. शिवराई वाचता येते, पण ती कुठली हे वाचून कळत नाही.

मग ओळखायची कशी?

तर बारीकसारीक खुणांवरून. ठसे हाताने कोरलेले असायचे, प्रत्येक कारागिराचं अक्षर वेगळं. कुणी ‘शिव’ लिहितो, कुणी ‘सिव’, कुणी ‘सीव’. कुणाचा ‘पति’ ऱ्हस्व, कुणाचा दीर्घ. दोन दांड्यांच्या मध्ये कधी सूर्य, कधी चंद्र, कधी पान, फूल, त्रिशूळ. तांब्याचा तुकडा लहान आणि ठसा मोठा, त्यामुळे अर्धी अक्षरं नाण्याबाहेरच राहतात. पाच-सहा नाणी शेजारी ठेवल्याशिवाय एक अख्खा ठसा डोळ्यापुढे येत नाही.

हे काम पहिल्यांदा चिकाटीने केलं ते जस्टिन ॲबट या अमेरिकन मिशनऱ्याने. पुढे मराठी संतचरित्रांची इंग्रजी भाषांतरं केली तेच हे ॲबट. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, शिवराई बाजारातून नाहीशी होत असताना, त्यांनी हजारो शिवराया नजरेखालून घातल्या आणि अक्षरांच्या, खुणांच्या फरकांप्रमाणे त्यांची वर्गवारी छापली. इंग्लंडच्या टोकनांना कॉन्डर भेटला तो टोकनं खिशात असताना. आपल्या शिवराईला ॲबट भेटले ते ती सुरू होऊन सव्वादोनशे वर्षं झाल्यावर. नंतर १९८९ मध्ये के. के. माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांचं मराठ्यांच्या टांकसाळी आणि नाण्यांवरचं पुस्तक नाशिकजवळच्या अंजनेरीच्या संस्थेने काढलं. गंभीरपणे जमवणाऱ्याला ते पाहिल्याशिवाय गत्यंतर नाही.

पण पुस्तक सगळं सांगू शकत नाही. खुणेवरून टांकसाळ ठरवायची असेल तर एकाच खुणेची नाणी पुन्हा पुन्हा कुठल्या मुलखात सापडतात हे कळावं लागतं. म्हणजे नाण्यावर जे गाव लिहिलेलं नाही, ते नाणं जिथे मिळालं तिथून शोधायचं. आणि नेमकी हीच माहिती आपण रोज गमावतोय.

मागच्या महिन्यात एका श्रोत्यांचं पत्र आलं. खानापूर तालुक्यातले. त्या भागातल्या कितीतरी घरांप्रमाणे त्यांचाही गलाईचा धंदा, सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याचा. ते लिहितात : ‘आजीच्या देवघराखाली तांब्याचा गडू निघाला, निम्म्याहून जास्त शिवरायांनी भरलेला. भाऊ म्हणतात किलोने देऊन टाकू. तुमचं मत काय?’

दादा, माझं मत सांगतो. एका किलोत साधारण शंभर शिवराया बसतात. मोडीच्या भावाने त्यांचं जे येईल त्यात तुमच्या घरचा एक सणही होणार नाही. पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनांत साधी शिवराई तशी स्वस्तच असते, तेव्हा एकेक विकूनही बंगला होणार नाही. पण तुमच्या गडूत एक गोष्ट आहे जी कुठल्याही व्यापाऱ्याच्या ताटात नसते. ती सगळी नाणी एका घरात, एका गावात, एकत्र साठलेली आहेत. त्या बाजारात कुठले पैसे चालत होते याची ती यादी आहे. गडू मोडीत गेला की तांबं उरतं, यादी जाते.

व्यापाऱ्यांच्या ताटांत मी नेहमी बघतो. मोठ्या ढिगातून चांगल्या दिसणाऱ्या शिवराया वेगळ्या काढलेल्या, प्रत्येकीला प्लास्टिकची पिशवी, वर चिठ्ठी : ‘सातारा’. कधी ‘सांगली संस्थान’. कशावरून? नाण्यावर तर काहीच नाही. सांगली संस्थानाचं ठिकाण झाली ती १८०१ मध्ये, चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन मिरजेहून वेगळे झाले तेव्हा. त्याआधीच्या शिवराईला ‘सांगली संस्थान’ म्हणणं म्हणजे जन्माआधी बारसं.

‘सातारा’ चिठ्ठीचंही तसंच. आजचा सांगली जिल्हा १९४९ मध्ये दक्षिण सातारा या नावाने तयार झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. तासगाव, खानापूर, वाळवा हे तालुके त्याआधी सातारा जिल्ह्यात होते. म्हणून जुन्या संग्रहातल्या पाकिटावर ‘सातारा जिल्हा’ लिहिलेलं असेल, तर नाणं अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याचंही असू शकतं आणि तासगावच्या द्राक्षमळ्यातलंही. जिल्हा लिहून भागत नाही. गाव लिहा.

काय करावं

आता जमवणाऱ्यांसाठी चार कामाच्या गोष्टी.

पहिली, धुऊ नका. चिंच, लिंबू, भांडी घासायची पावडर यांनी शिवराई लखलखीत होते आणि दोनशे वर्षांची साय निघून जाते. तिच्याबरोबर अक्षरांच्या कडाही जातात. मातीच असेल तर साध्या पाण्यात भिजवा, मऊ ब्रशने काढा, तेवढं पुरे.

दुसरी, वजन करा. सोनाराकडचा लहान काटा आता शे-पाचशेत मिळतो. एकाच खुणेच्या वीस नाण्यांची वजनं शेजारी लिहिली की परवानेदाराने तांबं कुठे वाचवलं ते आपोआप दिसतं. नागोठण्याच्या करारातले दहा मासे इथे उपयोगी पडतात.

तिसरी, खोट्यापासून सावध. ओतीव नकला पुष्कळ आहेत. खरी शिवराई ठोकून पाडलेली. ओतलेल्या नाण्यावर बारीक बुडबुड्यांचे खळगे दिसतात, कडेवर साच्याच्या जोडाची रेघ दिसते, आणि दोन ‘वेगळी’ नाणी हुबेहूब एकसारखी असतात, ओरखड्यासकट. हाताने ठोकलेल्या नाण्यांत असं होत नाही.

चौथी, कायदा. शेतात नांगराला लागलेला साठा गडूतल्या वारशासारखा नसतो. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेला, दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. आणि शंभर वर्षांपेक्षा जुनी नाणी परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. बर्मिंगहॅमला राहणाऱ्या पुतण्याला भेट म्हणूनही नाही. तिकडून ड्रुइडची पेनी मागवायची असेल तर आधी तिथला निर्यातीचा आणि आपल्या कस्टमचा नियम विचारून घ्या.

इंग्लंडच्या दुकानदाराने आपलं नाव, आपलं गाव टोकनाच्या कडेवर कोरलं, कारण उद्या कुणीतरी ते घेऊन दारात येईल हे त्याला माहीत होतं. आपल्या शिवराईच्या कडेला जागाच नाही, ती ओबडधोबड आहे. तिचं गाव आपल्याला कागदावर लिहून ठेवावं लागेल. एक लहान पाकीट, त्यावर तीन ओळी : कुणाच्या घरातून, कुठल्या गावातून, कधी मिळाली. पेन्सिलने लिहा, शाई पसरते.

पुढच्या भागात ढब्बू पैसा आणि रुका. तोवर घरातले डबे उघडून बघा, आणि काही मिळालं तर आधी मोजा, मग कळवा. भेटू.